कोणत्या दिवसाची जीप?

ग्रामीण महाराष्ट्रात जुनी जीप सापडते ती बहुधा गोठ्याशेजारी, कडब्याच्या आडोशाला. टायर बसलेले, ताडपत्री फाटलेली, रेडिएटरच्या जाळीत गांधीलमाश्यांचं घर. तिच्या बॉनेटचा एखादा कोपरा ओल्या पॉलिश पेपरने सावकाश घासला, तर एकाखाली एक थर उलगडत जातात. वरचा पांढरा, कुणाच्या तरी प्रचाराच्या दिवसांतला. त्याखाली काळा-पिवळा, वडापच्या फेऱ्या मारल्या तेव्हाचा. त्याखाली एखाद्या सरकारी खात्याचा राखाडी. आणि अगदी तळाशी, पत्र्याला घट्ट धरून बसलेला, मळकट हिरवा.

देवाच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच निखळून मूळ मूर्ती उघडी पडली, की सारं गाव दर्शनाला लोटतं. जुन्या लष्करी गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला तो तळचा हिरवा दिसला, की त्याची अवस्था तशीच होते. फरक एवढाच, की शेंदराखाली मूर्ती एकच असते आणि जीपच्या रंगाखाली मात्र अनेक गाड्या असतात: कारखान्यातून निघालेली, आघाडीवर गेलेली, डेपोत खोलून पुन्हा बांधलेली, लिलावात विकलेली, शेतकऱ्याच्या घरी नांदलेली. म्हणून रिस्टोरेशन म्हणा की जीर्णोद्धार, या कामातला पहिला प्रश्न पाना हातात घेण्याआधीचा आहे. हिला नेमकं कोणत्या दिवसाकडे परत न्यायचं?

या लेखात त्या प्रश्नाचा आढावा घेतला आहे. उदाहरण म्हणून दुसऱ्या महायुद्धातली जीप घेतली आहे, म्हणजे विलीज एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. जगात सर्वाधिक जतन होणाऱ्या लष्करी गाड्यांत तिची गणना होते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या जीपचं कूळही तिच्यापाशीच जातं.

४९ दिवसांची मुदत

जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद पोचवणारी गाडी बनवण्याचं आवाहन केलं. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. ही अट पाळली पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम या लहानशा कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडे झपाट्याने उतरवले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड तळावर दाखल झाली. पण लाखोंच्या संख्येने गाड्या पुरवण्याची बॅन्टमची ऐपत नव्हती. सैन्याने तिचा नमुना विलीज आणि फोर्ड यांना पाहू दिला. पुढे विलीजच्या गाडीने बाजी मारली ती मुख्यतः इंजिनाच्या जोरावर. बार्नी रूस यांनी सुधारलेलं ते २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं चार सिलिंडरी इंजिन ‘गो डेव्हिल’ म्हणून ओळखलं जातं. १९४१ च्या अखेरीस फोर्डलाही त्याच आराखड्यानुसार गाड्या बनवायचं काम मिळालं. दोन्ही कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या.

या इतिहासातली एक अट आजच्या जीर्णोद्धाराच्या मुळाशी आहे. फोर्डचा भाग विलीजला आणि विलीजचा फोर्डला बसलाच पाहिजे, असा सैन्याचा आग्रह होता. दुरुस्तीची सगळी व्यवस्थाच त्यावर उभी होती. चालकाने रोज करायच्या देखभालीपासून ते बेस डेपोत संपूर्ण गाडी खोलून बांधण्यापर्यंत पाच पायऱ्या ठरलेल्या होत्या. वरच्या पायरीवर एका गाडीतून उतरलेलं इंजिन दुरुस्त होऊन भलत्याच गाडीत चढे. कुठल्या गाडीचं काय होतं हे पाहायला तिथे कुणाला सवड नव्हती, आणि गरजही नव्हती.

मोटारींच्या शौकिनांत चासीचा आणि इंजिनाचा नंबर जुळण्याला फार मान आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइसला तो शोभतो. पण १९४४ मध्ये डेपोत जाऊन आलेल्या जीपचे नंबर त्याच वर्षी जुळायचे थांबले होते. विलीजच्या चासीवर फोर्डचं इंजिन दिसलं म्हणून ती गाडी अस्सल नाही असं म्हणणं, म्हणजे तिने युद्धात भाग घेतला हाच तिचा दोष ठरवण्यासारखं आहे.

ओळख पटवणं

तरीही समोर काय उभं आहे ते ठाऊक असलंच पाहिजे, आणि ही ओळख चासीपासून सुरू होते. रेडिएटरच्या पायथ्याशी, चासीच्या पुढच्या टोकाला असलेली आडवी पट्टी गोल नळीची असेल तर चासी विलीजची. ती चौकोनी, उलट्या पन्हाळीसारखी असेल तर फोर्डची. विलीजचा चासी क्रमांक पुढच्या डाव्या बाजूला आतून बसवलेल्या पट्टीवर असतो, फोर्डचा थेट चासीच्या डाव्या दांड्यावर ठोकलेला. फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यांवर आणि असंख्य लहान भागांवर इंग्रजी एफ हे अक्षर उठवलेलं असतं. गंजाखालून ते अक्षर वर आलं की काम करणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो, इतकं ते बारीक आणि नेटकं आहे.

पुढची जाळी दुसरी खूण. विलीजच्या पहिल्या सुमारे २५ हजार गाड्यांना सळ्या वेल्ड करून केलेली जाळी होती. दाबून काढलेल्या पत्र्याची, नऊ खाचांची हलकी जाळी फोर्डने आणली आणि विलीजनेही ती उचलली. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात खाचा आहेत. म्हणजे नुसत्या खाचा मोजूनही गाडी लष्करी की नागरी याचा पहिला अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण जाळी बदलायला अर्धा दिवस पुरतो. सुरुवातीच्या गाड्यांच्या पाठीमागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव उठवलेलं असे. सैन्याने १९४२ मध्ये ते बंद करायला लावलं, त्यामुळे असा पत्रा सापडणं भाग्याचं समजतात.

याच टप्प्यावर मोह सुरू होतो. डॅशबोर्डवरच्या माहितीपट्ट्या आज नव्या करून मिळतात आणि त्यांवर हवी ती तारीख ठोकता येते. हरवलेल्या पट्टीच्या जागी नवी लावायला हरकत नाही, पण ती नवी आहे हे नोंदवून ठेवायला हवं. चासीचा क्रमांक पुन्हा ठोकणं तर सरळ गुन्हा आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीनेही ती खोटी साक्षच.

चार वाटा

जगभरच्या कामांकडे पाहिलं तर चार वाटा दिसतात.

पहिली वाट कारखान्याच्या दाराशी जाते. गाडी ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवसासारखी करायची: बोल्टच्या डोक्यावरची खूण बरोबर, वायरीवरचं कापडी वेष्टन बरोबर, बॉनेटवरच्या अंकांची निळसर छटाही बरोबर. १९७६ पासून काम करणाऱ्या अमेरिकेतल्या मिलिटरी व्हेइकल प्रिझर्व्हेशन असोसिएशनच्या परीक्षणांमुळे या वाटेला शिस्त आली. या लोकांच्या चिकाटीमुळेच आज कुठला भाग कुठल्या महिन्यात बदलला हे सांगता येतं.

दुसरी वाट रेजिमेंटच्या वाहनतळाशी थांबते. गाडी सेवेत असताना जशी होती तशी: डेपोत बदललेल्या भागांसह, नंतर जोडलेल्या, डबा धरण्याच्या चौकटीसह, ब्रशने दिलेल्या रंगासह. तिसरी वाट हात आखडता घेते. गाडी जशी सापडली तशी ठेवायची. गंज थांबवायचा, यंत्र चालू करायचं, पण रंगाला हात लावायचा नाही. चौथी वाट जुन्या अंगात नवं यंत्र घालते: डिझेल इंजिन, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक.

इमारतींच्या जतनात हा वाद जुना आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितलं, की वास्तूवर साचलेल्या प्रत्येक काळाच्या कामाचा मान राखा आणि जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवा. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या फिवाने त्याच धर्तीवर ट्युरिन सनद केली आणि जतन आधी, जीर्णोद्धार नंतर, असा क्रम लावला. आपल्याला हे समजायला युरोपात जावं लागत नाही. काळ्या पाषाणाच्या हेमाडपंती देवळावर भक्तिभावाने ऑइलपेंट चढवलेला आणि गाभाऱ्यात गुळगुळीत टाइल बसवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हेतू चांगला होता, पैसाही लोकांनी घामाचा दिला होता, आणि तरी टाकीचे घाव कायमचे झाकले गेले. जीपच्या बाबतीत पुट्टी आणि चकचकीत रंग नेमकं हेच करतात.

माझं मत दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या बाजूचं आहे. पहिल्या वाटेबद्दल मला आदर आहे. काही गाड्या त्या कसोटीला उतरायलाच हव्यात, नाहीतर मोजायला माप राहणार नाही. पण अंगावर ऐंशी वर्षं वागवणारी प्रत्येक गाडी पहिल्या दिवसाकडे नेली, तर मधली सगळी वर्षं आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो.

पत्रा आणि चासी

कामाचा सर्वांत मोठा भाग गंजाशी झगडण्यात जातो. जीपच्या बॉडीचा शत्रू तिच्याच पोटात आहे. फरशीला आधार म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या लावल्या आहेत आणि त्यांत लाकूड भरलेलं असे. पाणी शिरलं की लाकूड ते धरून ठेवी आणि पत्रा आतून कुजे. वरून धडधाकट दिसणारी फरशी टाचेखाली दबते ती यामुळे. चालकाच्या आसनाखालची पेट्रोलच्या टाकीची खोलगट बैठक आणि मागच्या टूलबॉक्सचे तळ या आणखी दोन हमखास जागा. कोकणातली गाडी असेल तर खारा वारा चासीच्या जोडांतही शिरलेला असतो. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेतली गाडी पत्र्याच्या बाबतीत नशीबवान, मात्र तिच्या रबराचं आणि ताडपत्रीचं उन्हाने पार भुसकट केलेलं असतं.

गंज काढायला सँडब्लास्टिंग सर्रास वापरतात. चासीच्या जाड लोखंडाला ते मानवतं, पण बॉनेटसारखा रुंद, पातळ पत्रा त्याच्या माऱ्याने लहरतो आणि पुन्हा सपाट होत नाही. तिथे रसायनाने रंग उतरवणं किंवा सोड्याच्या पाण्यात विजेच्या सौम्य प्रवाहाने गंज सोडवणं बरं. जुना रंग शिसंयुक्त असण्याची शक्यता मोठी, तेव्हा कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. लष्करी डायलांवर रात्री दिसणारा रेडियमयुक्त रंगही वापरला जाई, म्हणून असा डायल हौसेने उघडू नये.

चासी आधी कर्णरेषांत मोजायची. दोन्ही कर्ण सारखे नसतील तर गाडी कधीतरी आपटलेली किंवा वाकलेली आहे, आणि अशा चासीवर सुंदर बॉडी चढवणं म्हणजे वाकड्या पायावर भिंत बांधणं. स्टिअरिंग बॉक्सच्या जवळ आणि स्प्रिंगच्या बुटांपाशी तडे शोधावेत. चासीचे जोड रिव्हेटचे आहेत. रिव्हेट काढून तिथे वेल्ड मारला तर काम भागतं, पण दणके खाताना किंचित लवण्याचा चासीचा स्वभाव बदलतो. तापवून रिव्हेट मारणारे कारागीर आता विरळा आहेत, तरी ते शोधण्याचे कष्ट घेण्यासारखे आहेत.

खोलतानाच्या दोन गोष्टी मिस्त्रीला आधीच सांगून ठेवाव्यात. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावला की बोल्ट तुटतात. आणि कॉम्बॅट व्हील म्हणतात ती चाकं दोन अर्ध्यांची, नटांनी जोडलेली असतात. टायरमधली सगळी हवा सोडल्याशिवाय ते नट कधीही सैल करू नयेत. भरल्या टायरचा दाब ते दोन अर्धे तोफेच्या गोळ्यासारखे उडवतो.

इंजिन, वीज, ब्रेक

इंजिन साधं आहे, आणि साधेपणातच त्याची थोरवी आहे. ७९.४ मिलिमीटर बोअर, १११.१ मिलिमीटर स्ट्रोक. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांतच ओढ मिळते. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकच्या कुशीत आहेत. कॉम्प्रेशन जेमतेम साडेसहास एक, म्हणून हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते चाले. व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधल्या अरुंद जागी ब्लॉकला तडा जाणं हा त्याचा जुना आजार. ब्लॉक बोअरिंगला पाठवण्याआधी तडे तपासून घेतले नाहीत, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो. झिजलेल्या सिलिंडरला स्लीव्ह घालून मूळ मापावर आणता येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईच्या जुन्या लेथवाल्यांकडे हे काम आजही हातखंडा म्हणून होतं. ऑइल फिल्टरमधून सगळं ऑइल जात नाही, त्याचा एक भागच गाळला जातो, म्हणून ऑइल लवकर लवकर बदलावं लागतं. हे ज्याला ठाऊक नाही तो नव्या गाडीच्या हिशेबाने चालतो आणि बेअरिंग घालवून बसतो.

आजचा नवा प्रश्न पेट्रोलचा आहे. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. उसाच्या पट्ट्यासाठी ही आनंदाची बाब, पण जुन्या कार्ब्युरेटरसाठी परीक्षा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, टाकी आतून गंजवतं, जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा मऊ करून सोडतं. मिश्रणही पातळ होतं. नळ्या, पडदा आणि गॅस्केट इथेनॉल सोसणारे घालावेत, जेट किंचित मोठा करावा आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी. हे बदल बाहेरून दिसत नाहीत आणि केव्हाही परत फिरवता येतात, त्यामुळे अस्सलपणाला धक्का लागत नाही.

विजेची व्यवस्था ६ व्होल्टची आहे. दिवे मंद, स्टार्टर सुस्त, अशी तक्रार करत बहुतेक जण १२ व्होल्ट करून टाकतात. खरा दोष बहुधा वायरींचा असतो. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला प्रवाह दुप्पट, आणि दुप्पट प्रवाहाला जाड केबल लागते. बाजारात मिळणारी आजच्या गाड्यांची बारीक केबल लावली की वीज वाटेतच खर्च होते. योग्य जाडीच्या केबल आणि अर्थिंगच्या स्वच्छ जागा एवढ्यावर ६ व्होल्टची जीप हसत सुरू होते. जिच्या बॉनेटवरच्या क्रमांकापुढे इंग्रजी एस आहे, तिच्यात रेडिओतली खरखर थांबवण्यासाठी विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या जागोजागी होत्या. त्या निरुपयोगी समजून भंगारात जातात. खरं तर ती गाडी वायरलेससाठी सज्ज होती याचा तो पुरावा असतो. हेडलाइटही उगाच बिजागरीवर नाहीत. ते उलटे फिरवले की रात्री इंजिनवर उजेड पडतो आणि अंधारात दुरुस्ती करता येते. गंजलेली ती बिजागरी वेल्ड करून टाकणं म्हणजे आराखडा करणाऱ्याचा विचारच बुजवणं.

ब्रेकच्या बाबतीत भाबडेपणा नको. चारही ड्रम एकाच सर्किटवर आहेत. एक नळी फुटली तर पेडल तळाला जातं. नळ्या, सिलिंडर, होज सगळं नवं घालावं. आणि डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा गिअर लावून चालवू नये. पुढच्या-मागच्या अॅक्सलमध्ये फरक सामावून घेणारी सोय या गाडीत नाही. मातीत चाकं घसरून तो ताण सुटतो, डांबरावर तो गिअरांच्या दातांवर येतो.

या सगळ्याला आधार आहे तो सैन्याच्याच पुस्तकांचा. फेब्रुवारी १९४४ ची टीएम ९-८०३ ही देखभाल पुस्तिका आणि जी-५०३ ही भागांची सूची, ही या कामातली ज्ञानेश्वरी आणि गाथा समजावी. विशीतल्या नवख्या सैनिकाला कळावं म्हणून लिहिलेली ती पुस्तकं आजही तितकीच सरळ वाटतात.

सुटे भाग

जीपइतके सुटे भाग क्वचितच दुसऱ्या लष्करी गाडीला मिळत असतील, आणि त्यामागे जगभरची कथा आहे. फ्रान्समध्ये हॉचकिसने १९५० आणि ६० च्या दशकांत परवान्यावर २७ हजारांहून अधिक जीप बनवल्या. नॉर्मंडीच्या जून महिन्यातल्या मेळ्यांत अमेरिकी पांढरा तारा मिरवणाऱ्या गाड्यांतल्या कित्येक या फ्रेंच आहेत. फिलिपिन्समध्ये मागे राहिलेल्या जीपमधून जीपनी ही प्रवासी गाडी जन्मली, पत्रा ठोकणाऱ्यांची पिढी तयार झाली, आणि आज एम. डी. हुआनसारखा तिथला कारखाना १९४० च्या दशकातली संपूर्ण बॉडी नवी करून जगाला पाठवतो.

यातून नवा पेच उभा राहतो. बॉडी नवी, चासी दुसऱ्या गाडीची, इंजिन तिसरीचं, पट्ट्या नव्या. मग जुनं काय उरलं? माझ्या मते कसोटी सोपी आहे. जुना भाग दुरुस्त होत असेल तर तो दुरुस्त करावा, मग तो नव्यापेक्षा महाग का पडेना. घरची गोधडी ठिगळं लावून टिकते. सगळीच नवी शिवली तर ती उबदार असेल, पण आजीच्या लुगड्याचा तुकडा तिच्यात नसेल.

आपल्याकडची जीप

१९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली आणि भारतीय जीप म्हणून तीच आपल्या डोळ्यांत बसली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत सैन्यासाठी परदेशातून दुरुस्त केलेल्या २,००० जीप मागवल्या गेल्या. त्यांतल्या १५५ आल्या आणि उपयोगाच्या नाहीत असं आढळलं. ‘जीप प्रकरण’ म्हणून ते संसदेत गाजलं. वरचा रंग ताजा असला तरी खालचं यंत्र ताजं असेलच असं नाही, हा धडा देशाने तेव्हाच घेतला होता.

१० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या रणांगणात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. १९६९ पासून सुमारे तीन दशकं जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या परवान्यावर जोंगा बनली. तिचं नावच त्या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरं जुळवून झालं आहे. नंतर जिप्सी आली. आता लिलावांतून या गाड्याही शौकिनांकडे येत आहेत.

म्हणूनच एक गोष्ट मनाला लागते. आपल्याकडे सीजे-३बी हाती आली की तिच्या बॉनेटवर अमेरिकी पांढरा तारा रंगवला जातो. ती गाडी कधी नॉर्मंडीला गेली नाही. ती माझगावात किंवा कांदिवलीत जुळली, कदाचित पंजाबच्या सीमेवर गेली, पाटबंधारे खात्यात राबली, धरणाच्या भिंतीवरून फिरली, दुष्काळात चारा-छावण्यांपर्यंत पोचली. तिच्याकडे स्वतःचा इतिहास असताना तिला सिनेमातला उसना इतिहास नेसवायचं कारण नाही. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये मुलांना घेऊन जावं, म्हणजे भारतीय सैन्याच्या वाहनांना स्वतःची किती मोठी परंपरा आहे हे कळतं.

कायद्याची चौकट

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात येते. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५ हजार, क्रमांकात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते.

नियम चांगला आहे, पण लष्करी गाडीची त्यात कोंडी होते. मूळ रूपाची अट तिच्या स्वभावालाच आडवी येते. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडच्या असंख्य जीपमध्ये कुठे मॅटाडोरचं, कुठे दुसरं डिझेल इंजिन बसलं. त्या सगळ्या या दाराबाहेर राहतात. पहिली नोंदणीही लिलावानंतरची असते, त्यामुळे सैन्यातली वर्षं कागदावर मोजलीच जात नाहीत. सैन्याच्या लिलावाची कागदपत्रं, इंजिनबदलाची आरटीओतली नोंद, जुनी आरसी बुकं, यांतला एकही कागद फेकू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत मनमानी बदल करता येणार नाहीत हे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे चौथ्या वाटेवरचे बरेच बदल आज कायद्यातही बसत नाहीत.

रंगाचा पेच तर फारच अवघड. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. कारण उघड आहे: त्या रंगाच्या गाडीला नाक्यावर कुणी अडवत नाही. सुरक्षेसाठी हा नियम हवाच. मात्र व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या, ओळखू येईल अशा क्रमांकाच्या गाडीला तिचा मूळ रंग ठेवायची स्पष्ट मुभा व्हीए नोंदणीतच दिली गेली, तर सुरक्षाही राहील आणि इतिहासही. तोवर रंगाआधी आरटीओशी लेखी बोलणं हाच सरळ मार्ग.

काय जपायचं

एवढ्या आढाव्यानंतर सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जीपला कोणत्याही एका दिवसाकडे न्यावं, पण तो दिवस तिच्या स्वतःच्या आयुष्यातला असावा आणि पुराव्याने ठरवावा. खोलण्याआधी प्रत्येक कोनातून फोटो घ्यावेत. रंगाचे थर, ठोकलेले आकडे, दुसऱ्याच गाडीचे भाग, जुनी वेल्डिंग, सगळं एका वहीत तारखेसह उतरवावं. काय बदललं, का बदललं आणि जुना भाग कुठे ठेवला हे लिहावं. पाटबंधारे खात्यात ती चालवलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला किंवा तिच्यावर उमेदवारी केलेल्या मिस्त्रीला शोधून त्यांचं बोलणं टिपून घ्यावं. ती माणसं गाडीपेक्षा लवकर जाणार आहेत. ती वही गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावी.

आणि एक जागा तशीच सोडावी. मागच्या टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू हातभर पुरे. तिथे ना पुट्टी, ना प्रायमर. नुसतं गंजाला थोपवणारं पारदर्शक लेपण. बाकी गाडी नव्या हिरव्या रंगात झळकू दे किंवा राखाडीत. झाकण उचललं की पांढरा, काळा-पिवळा, राखाडी आणि तळचा तो मळकट हिरवा एकाखाली एक दिसावेत, म्हणजे उद्या कुणी पॉलिश पेपर घेऊन तिच्याकडे आला तर त्याला सगळं खरवडून पाहावं लागणार नाही.